वाद्याची जन्मपत्रिका

भाद्रपद जवळ येऊं लागला म्हणजे पुण्याच्या बुधवार पेठेंत एक जुना वाद दरवर्षीं नव्यानें पेट घेतो. गणपतीच्या मिरवणुकीपुढें कोणतें वाद्य असावें, हा त्या वादाचा विषय. तांबड्या जोगेश्वरीचा मानाचा गणपति या पेठेंतला, दगडूशेट हलवाई यांचा प्रसिद्ध गणपतिही याच पेठेंतला. आणि वाद्यांचीं, पुस्तकांचीं व विजेच्या उपकरणांचीं दुकानेंही येथेंच दाटीनें मांडलेलीं. तेव्हां वादास येथें जोर चढावा, यांत नवल नाहीं. नवल आहे तें उभय पक्षांच्या युक्तिवादांचें.

एक पक्ष म्हणतो, सनई, चौघडा, ढोल आणि ताशा हीं आपलीं वाद्यें. बँड, पेटी, व्हायोलिन हीं परकीं. सबब त्यांस देवापुढें व बैठकींत थारा देऊं नये. दुसरा पक्ष मनांतल्या मनांत या पहिल्या पक्षास हंसतो. तो म्हणतो, युरोपचें संगीत स्वरमेळाच्या शिडीनें वर चढत गेलें, आपलें मात्र एकाच ओळीचें राहून गेलें. सबब मुलास तंबोऱ्यापुढें बसविण्यापेक्षां त्याला कीबोर्ड आणून द्यावा. हे दोन पक्ष एकमेकांचे वैरी दिसतात खरे, परंतु दोघांच्या बोलण्याचा पाया एकच आहे. प्रत्येक वाद्यास एक ठराविक देश व एक ठराविक कुळ असतें, आणि पूर्व व पश्चिम यांचीं संगीतें प्रथमपासूनच दोन निराळ्या घरांत वाढलीं, हें दोघांनींही न तपासतां गृहीत धरलें आहे. हें गृहीत साफ चुकीचें आहे, असें आमचें म्हणणें आहे. तें चुकीचें कसें, हें सांगावयास मध्ययुगीन युरोपच्या वाद्यांइतका निःपक्षपाती साक्षीदार दुसरा मिळणार नाहीं. आणि या चुकीची किंमत पंडितांस नव्हे, तर वाजविणाऱ्यांस व ऐकणाऱ्यांस द्यावी लागत आहे, म्हणूनच हा लेखप्रपंच.

प्रथम आपल्या घरचें शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. भरताच्या नाट्यशास्त्रानें वाद्यांचे चार वर्ग केले: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. तारेचें तें तत, फुंकीचें तें सुषिर, कातड्यानें मढविलेलें तें अवनद्ध, आणि टाळ-झांजांसारखें भरीव तें घन. या चार वर्गांपलीकडे 'स्वदेशी' व 'परदेशी' असा पांचवा-सहावा वर्ग शास्त्रकारास सुचला नाहीं. वाद्य आलें कोठून, हें त्यानें विचारलेंच नाहीं; त्यानें विचारलें, वाद्यांत नाद उत्पन्न होतो कशानें? हा प्रश्न इतका नेमका होता कीं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ब्रुसेल्स येथील वाद्यसंग्रहाची यादी करतांना व्हिक्टर माहियों यानें हीच चतुर्विध वांटणी पायाभूत धरली. त्या संग्रहास कलकत्त्याचे राजा शौरींद्रमोहन टागोर यांनीं भारतीय वाद्यें भेट दिलेलीं होतीं. माहियोंच्या वांटणीवरूनच हॉर्नबॉस्टेल व साक्स या दोघा पंडितांनीं १९१४ सालीं आपली पद्धति सिद्ध केली, आणि आज जगांतील संग्रहालयें ती पाळतात. ज्या शास्त्राचा आपण अभिमान बाळगतों, त्या शास्त्रानें वाद्याची जन्मपत्रिका कधींही मागितली नाहीं. ती मागण्याची हौस आपली, आणि तीही अलीकडची.

आतां युरोपकडे वळूं. इ. स. ७११ पासून पुढें स्पेनचा बराच मोठा भाग अनेक शतकें अरबी अमलाखालीं होता. बगदादेस तयार झालेला झिर्याब नांवाचा नामांकित गवई ८२२ सालीं स्पेनांत पोहोंचला व कॉर्दोबाच्या दरबारीं राहिला. त्या काळापासून स्पेन, सिसिली आणि पुढें धर्मयुद्धें यांच्या वाटेनें पूर्वेकडील वाद्यें युरोपांत शिरूं लागलीं. ज्या ल्यूटवर युरोपच्या कवींनीं जीव टाकला, तें अरबी 'अल्-ऊद' होय. ऊद म्हणजे लांकूड. गजानें वाजावयाचें 'रिबेक' हें अरबी 'रबाब'; आणि पोर्तुगीज भाषेंत व्हायोलिनला 'रबेका' असेंही म्हणत, हें गोव्याकडील वाचकांस सांगावयास नको. कमरेला बांधून दोन टिपऱ्यांनीं बडविण्याची लहान नगाऱ्यांची जोडी तेराव्या शतकापासून युरोपीय चित्रांत दिसूं लागते. तिला इंग्रज 'नेकर्स' म्हणत. हा शब्द 'नक्कारा' याचें रूपांतर होय हें उघड आहे. आपल्या गोंधळ्याच्या कमरेचें संबळ ज्यानें पाहिलें आहे, त्याला तीं जुनीं चित्रें ओळखीचीं वाटल्याखेरीज राहणार नाहींत.

सनईची गोष्ट हीच. दुहेरी पातीचें, खालीं रुंद होत जाणारें फुंकवाद्य इराणांत 'सुर्ना', चीनमध्यें 'सुओना', युरोपांत 'शॉम' आणि आपल्याकडे 'सनई'. शॉमच्याच वंशांतून पुढें ओबो निघाला. कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो (राज्यकाल १२५२ ते १२८४) याच्या दरबारीं माता मेरीच्या स्तुतीचीं चारशेंहून अधिक गीतें संग्रहित झालीं. त्या संग्रहाच्या एका हस्तलिखितांत वादकांचीं सुंदर रंगीत चित्रें आहेत, आणि त्यांत मुसलमान व ख्रिस्ती वादक शेजारीं बसून वाजवीत आहेत. ज्या काळीं त्यांचे राजे एकमेकांशीं लढत होते, त्याच काळीं वादक एकमेकांशीं स्वर जुळवीत होते. मेरीचें स्तोत्र अरबी वाद्यावर म्हटल्यानें बाटलें, असें तेथें कोणास वाटलेलें दिसत नाहीं.

आतां त्याच वाद्यांची दुसरी शाखा पाहूं. बुधवार पेठेपासून हांकेच्या अंतरावर शनिवारवाडा आहे. त्याच्या दिल्ली दरवाज्यावर नगारखाना आहे. नगारखाना ही संस्था आपल्याकडे सुलतानांच्या व मोंगलांच्या दरबारांतून आली. अबुल फजलानें 'आईन-इ-अकबरी' मध्यें अकबराच्या नक्कारखान्याचें वर्णन केलें आहे, त्यांत नक्कारे, दुहुल, कर्णे, सुर्ने हीं सारीं मंडळी हजर आहेत. पेशव्यांच्या दारावर वाजणारा नगारा आणि इंग्रज सरदाराच्या छावणींत वाजणारे नेकर्स हे एकाच घराण्याचे दोन मुलगे. एक पूर्वेकडे गेला, एक पश्चिमेकडे. म्हणजे ज्या सनई-चौघड्यास पहिला पक्ष शुद्ध स्वदेशी म्हणून डोक्यावर घेतो, त्याची पत्रिका मांडूं गेल्यास ती बँडाच्या पत्रिकेहून फारशी निराळी निघणार नाहीं. फरक एवढाच, कीं नगारा आधीं आला व बँड मागाहून आला. फार काय, जी बुधवार पेठ या वादाचें रणांगण आहे, तिच्या पुण्यासही औरंगजेबाच्या काळीं 'मुहियाबाद' हें नांव लाभलें होतें. त्या नांवामुळें पुणें परकें झालें नाहीं आणि सुर्न्यामुळें सनई परकी झाली नाहीं. देवळाच्या दारीं, लग्नाच्या मांडवीं, पहांटेच्या रागांत पिढ्यान् पिढ्या वाजवून आपल्या लोकांनीं ती कमावली, म्हणून ती आपली.

कोणी म्हणेल, हें सारें मुसलमानी अमलानंतरचें. त्यापूर्वीं तरी आपलें संगीत निर्भेळ होतें ना? याचें उत्तर महाराष्ट्राच्याच भूमींत आहे. शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत देवगिरीस, यादव राजा सिंघण याच्या पदरीं असतां लिहिला गेला. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तो १२९६ सालीं. म्हणजे ग्रंथ त्याच्या कितीतरी आधींचा. ग्रंथकाराचें घराणें काश्मीरहून दक्षिणेंत आलेलें. आणि त्याच्या रागांच्या यादींत 'तुरुष्कतोडी' व 'तुरुष्कगौड' हीं नांवें सरळ नोंदलेलीं आहेत. तुर्कांकडून आलेली छटा त्यानें लपविली नाहीं, कीं तिच्यावर बहिष्कारही घातला नाहीं. नांव देऊन ती शास्त्रांत बसविली. उलट ज्या तंबोऱ्यावांचून आज आपणांस गाण्याची कल्पनाही करवत नाहीं, तो त्या ग्रंथाच्या सविस्तर वाद्याध्यायांत सांपडत नाहीं, तंबोरा मागाहूनचा. जन्मकाल हीच कसोटी लावावयाची तर आधीं तंबोरा खुंटीला टांगावा लागेल. पहिल्या पक्षाची याला तयारी आहे काय?

दुसऱ्या पक्षाचा समाचार घेणें आतां सोपें झालें आहे. युरोपचें संगीत मुळापासूनच स्वरमेळाचें, ही त्याची समजूत. परंतु मध्ययुगांतील बहुतेक काळ तेथील गाणें आपल्यासारखेंच एका ओळीचें होतें. ख्रिस्ती मठांतील भजनें एकाच सुरावटीचीं; तीं आठ 'मोडां'त वांटलेलीं, आणि प्रत्येक मोडाचा न्यासस्वर ठरलेला. ज्याला ग्रह, न्यास व अंश हे शब्द ठाऊक आहेत, त्याला या व्यवस्थेंत परकें कांहींच वाटणार नाहीं. वाद्यांतही आधारस्वराचेंच राज्य होतें. 'ऑर्गॅनिस्ट्रम' नांवाच्या वाद्यास दोन वादक लागत: एकानें दांडा फिरवून चाकानें तारा घासावयाच्या, दुसऱ्यानें पट्ट्या ओढून सुरावट काढावयाची, आणि बाजूच्या तारा अखंड एकच स्वर धरून ठेवीत. पुढें याच वाद्यापासून एकट्यानें वाजविण्याची हर्डी-गर्डी झाली. मशकवाद्यांतही एक नळी नुसता आधारस्वर देते. आपल्या सनईवाल्यामागें बसून केवळ षड्ज भरणारा दुसरा सनईवाला, किंवा गोंधळांतलें तुणतुणें, याहून निराळें काय करतें?

स्वरमेळ तेथें वाढला तो या आधारस्वराच्याच अंगानें. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पॅरिसच्या नोत्र-दाम येथें लेओनँ व त्याच्या मागून पेरोतँ यांनीं जी रचना केली, तींत खालचा गायक मूळ भजनाचा एकेक स्वर दीर्घ धरून राही आणि वरचा गायक त्यावर स्वरांची वेलबुट्टी काढी. त्या काळीं त्यांस पूर्ण संवादी वाटत ते स्वर म्हणजे वरचा षड्ज, पंचम व मध्यम. आणि भरतानें ज्या अंतरांस संवाद म्हटलें आहे तीं अंतरेंही षड्ज-पंचम व षड्ज-मध्यम हींच. तेथून पुढें वाटा फुटल्या. युरोपानें अनेक आवाज एकत्र गुंफण्याचा मार्ग धरला, आपण एकाच आवाजांतील मींड, गमक व श्रुति यांचा मार्ग धरला. पट्ट्यांच्या वाद्यांवर कोणत्याही स्वरापासून स्वरमेळ साधावा म्हणून त्यांनीं हळूहळू स्वरांचीं नैसर्गिक अंतरें थोडथोडीं मोडून सप्तकाचे बारा समान भाग केले. त्यांत त्यांना मोठी संपत्ति मिळाली, पण तंबोऱ्यांतून आपोआप उमटणारा तो स्वयंभू गंधार गमवावा लागला. त्यांच्या पट्टीचा गंधार त्याहून चढा असतो. मग शिडीची उपमा येथें लागू पडते कोठें? एका माळावरून निघालेल्या या दोन पायवाटा आहेत. एकीवर चालणारा दुसरीवरच्याच्या डोक्यावर उभा नसतो.

आतां पेटीविषयीं, कारण पुण्यांत या वादाचा खरा निखारा पेटीच आहे. चौदाव्या शतकांत फ्लॉरेन्स येथें फ्रांचेस्को लांदिनी नांवाचा अंध संगीतकार होऊन गेला. तो मांडीवर घेण्याजोगा लहान ऑर्गन वाजवी: एका हातानें भाता, दुसऱ्या हातानें पट्ट्या. हें चित्र आपल्या कोणत्याही बैठकींतल्या पेटीवाल्याचें म्हणून खपेल. मात्र लांदिनीच्या वाद्यांत नळ्या होत्या, पेटींत धातूच्या कांपणाऱ्या पात्या असतात. आणि या सुट्या पातीची युक्ति आशियांत फार जुनी. चीनमधील 'शेंग' हें वाद्य अठराव्या शतकांत युरोपांत गेल्यावर तेथील कारागिरांच्या प्रयोगांस चालना मिळाली. पॅरिसच्या देबँ यानें १८४२ मध्यें हार्मोनियमचा हक्क नोंदविला. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं पुढें पायांचा भाता काढून ती हातपेटी केली. आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनीं तिला महाराष्ट्रांत बोलतें केलें. एवढा प्रवास करून आलेल्या वाद्याचा देश कोणता ठरवावयाचा?

आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्यें अंशतः उठली. त्या बंदीमागें एक कारण खरें होतें व एक खोटें. पेटीचे स्वर ठोकळेबाज आहेत, तिच्यावर मींड निघत नाहीं, दरबारीचा आंदोलित गंधार तिला साधत नाहीं, हें कारण खरें. तें कानाचें कारण आहे, आणि त्यावर उपाय शोधतां येतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं श्रुतींचीं गणितें मांडलीं व क्लेमेंट्ससाहेबांच्या साह्यानें श्रुतींची पेटी करवून पाहिली. आपल्या काळीं डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. हे प्रयत्न कितपत साधले यावर मतभेद असूं शकतो, पण तो मतभेद संगीताचा आहे. 'ती विलायती म्हणून नको' हें कारण मात्र संगीताचें नव्हेच. त्यावर ना प्रयोग करतां येतो, ना तें कधीं खोडतां येतें. तें केवळ मिरवितां येतें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. जन्म पाहावयाचा नाहीं असें ठरल्यावर डीजेच्या भिंतीनें काय घोडें मारलें? तिलाही येऊं द्या कीं! याचेंही उत्तर मध्ययुगीन युरोप देतो. तेथें चौदाव्या-पंधराव्या शतकांत वाद्यांचे दोन गट मानीत: मोठ्या आवाजाचीं आणि हळू आवाजाचीं. शॉम, तुतारी, नगारे हीं मोकळ्या मैदानासाठीं. ल्यूट, हार्प, गजाचीं लहान वाद्यें हीं दालनासाठीं. आपल्याकडेही नगारखाना दरवाज्यावर आणि बीन-सतार बैठकींत. म्हणजे वाद्याच्या योग्यायोग्यतेचा विचार दोघांनींही केला, पण तो जागेवरून व कानावरून केला. शिवाय मोठ्यांतल्या मोठ्या वाद्यासही एक मर्यादा होती: वाजविणाऱ्याची छाती व मनगट. सनईवाला गालांत वारा साठवून कितीही दम धरो, अखेर त्याला थांबावें लागतें. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला छातीही नाहीं आणि मनगटही नाहीं. शास्त्राचाच प्रश्न तिला विचारा, येथें नाद उत्पन्न होतो कशानें? उत्तर येईल: दुसरीकडे, दुसऱ्या वेळीं, कोणी तरी वाजविलेल्या वाद्याच्या नांवानें एक पडदा थरथरतो. तंबोऱ्यापुढें मायक्रोफोन ठेवण्यास आमची हरकत नाहीं. जेथें वाजविणारा नाहीं व प्रमाणही नाहीं, तेथें आमची हरकत आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं रहिवासी वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली. मिरवणुकीच्या रात्रीं पेठेंतल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्या म्हाताऱ्यांस व तान्ह्या मुलांस त्या नियमाची किती आठवण येत असेल!

आणि येथेंच जन्मपत्रिकेच्या कसोटीनें झालेलें खरें नुकसान दिसतें. अरुंद रस्त्यांत एकाच वेळीं शेंकडों ढोल बडविले, तरी 'आपलें पारंपरिक वाद्य' एवढा शिक्का दाखविला कीं कोणी प्रमाणाचा प्रश्न काढीत नाहीं. उलट एखादा तयार बँडवाला भूप सुरेल वाजवीत असला, तरी 'परकें' एवढ्या शब्दानें त्याची बोळवण होते. जी कसोटी गोंगाटास अभय देते आणि सुरास दारांतून परत पाठविते, ती कसोटी राखण्यांत कोणतें देशकार्य आहे?

बरें, ज्या सनईच्या नांवानें हा सारा अभिमान, तिच्या वाजविणाऱ्याची तरी स्थिति काय? सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून पुण्यांत होत आला आहे, आणि त्याची सुरुवात सनईनें करण्याची सुंदर प्रथा आहे. परंतु लग्नाच्या कार्यालयांत आज सनई वाजते ती बहुधा मुद्रित. घडशी-गुरवांच्या ज्या घरांनीं ही कला सांभाळली, त्यांच्या पोरानें ती कां शिकावी, याचें उत्तर अभिमानी मंडळींजवळ नाहीं. 'शुद्ध' म्हणून ज्याची आरती करावयाची, त्यालाच बिदागी देतांना हात आंखडावयाचा, हा आपला रिवाज.

या रिवाजाचा शेवट कोठें होतो, तेंही युरोपनें पाहिलें आहे. मध्ययुगीन वाद्यांपैकीं प्रत्यक्ष हातीं लागलेलीं अगदीं थोडीं. फॅशन बदलली, तशीं तीं माळ्यावर गेलीं, मोडलीं, नाहींशीं झालीं. मग विसाव्या शतकांत आर्नोल्ड डोल्मेच याच्यासारख्या कारागिरांनीं जुन्या वाद्यांच्या प्रतिकृति करून तीं वाजवून दाखविलीं. १९२५ पासून तो इंग्लंडांत हॅसलमिअर येथें त्यांचा उत्सव भरवी. स्पेनांतील सांतियागो येथील मंदिराच्या कमानीवर बाराव्या शतकाच्या अखेरीस कोरलेले चोवीस वृद्ध आहेत, आणि बहुतेकांच्या हातीं वाद्यें आहेत. मधोमध दोघे मिळून ऑर्गॅनिस्ट्रम धरून बसले आहेत. त्या दगडांवरून मापें घेऊन वाद्यें पुन्हां घडविण्याची पाळी त्यांच्यावर आली. दगडांतून आकार निघाला. पण हात कसा फिरे, कोठें थांबे, हें दगड सांगूं शकत नाहीं.

आपल्यावर अजून ती पाळी आलेली नाहीं. शेजारच्या शुक्रवार पेठेंत दिनकर केळकरांनीं जन्मभर जमविलेल्या संग्रहांत वाद्यांचें दालन आहे. मिरजेस शिकलगारांच्या घराण्यांत सतारी व तंबोरे अजून हातानें घडतात. शस्त्रांना पाणी देणाऱ्या या कारागिरांनीं एकोणिसाव्या शतकांत भोपळा हातीं धरला, आणि त्यांच्या वाद्यांस २०२४ मध्यें भौगोलिक मानांकनही मिळालें. संग्रहांतील जुनीं वाद्यें कांचेआड राहूं द्यावींत, पण त्यांच्या प्रतिकृति अशा कारागिरांकडून करवून घेऊन त्या वाजत्या ठेवाव्यात. वर्षांतून चार वेळां तरी लोकांस त्या ऐकवाव्यात. मुलास वाद्य घेऊन देणाऱ्या आईबापांनीं दुकानांत तें कोणत्या देशाचें हें न विचारतां, आधीं तंबोऱ्यापुढें मुलाचा कान तयार करावा; मग तो सतार घेवो, व्हायोलिन घेवो वा पेटी घेवो. आणि गणपति-मंडळांनीं सनई-चौघड्याच्या जिवंत वादकांस गाडीच्या मागें न कोंबतां पुढें, उंचावर, मानानें बसवून पुरती बिदागी द्यावी.

येत्या भाद्रपदांत एखाद्या मंडळाच्या सभेंत 'हें वाद्य आपलें कीं परकें?' असा प्रश्न निघालाच, तर वाचकांनीं उठून त्याऐवजीं तीन प्रश्न विचारावेत: हें वाजविणार कोण, तें सुरांत आहे काय, आणि ज्या घरांवरून तें जाणार आहे त्या घरांत कोण निजलें आहे? या तिहींचीं उत्तरें समाधानकारक मिळाल्यावर वाद्य कोठलें याची चौकशी करण्याचें कारण उरणार नाहीं.